वेड पांघरून

या सदराचे नेहमीचे वाचक मला आता पुरते ओळखून चुकले असतील. वर्षभर मी त्यांच्यापुढे जुन्या शब्दांचे गाठोडे सोडून बसतो. हा शब्द कुठून आला, ती म्हण कशी पडली, असली घरगुती उसवाउसव करतो आणि आठवडा भागवतो. दिवाळीला संपादक चार पाने जास्त देतात. तेव्हा चकली-चिवड्याच्या ताटाला शोभेल असा एखादा ऐसपैस विषय काढावा, म्हणून मी शोधात होतो. शोधायला फार लांब जावे लागले नाही. विषय आमच्या श्रीगोंद्याच्या एस. टी. स्टँडसमोर, चहाच्या कपाशेजारीच बसला होता. इतकी वर्षे तो मला दिसला नाही, एवढेच.

श्रीगोंदा हे अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे नाव २०२४ सालापर्यंत अहमदनगर होते. नावे बदलतात, हे आज पुढे यायचेच आहे. आमच्या तालुक्याची लिंबे बाहेरगावी नावाजलेली, आणि शेजारच्या काष्टीचा बैलबाजार त्याहून नावाजलेला. आगगाडीने येणाऱ्या पाहुण्यासाठी ‘श्रीगोंदा रोड’ नावाचे स्टेशन आहे. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली, त्या मार्गावरचे हे स्टेशन. तिथे उतरून पाहुणा गाव शोधू लागला, की त्याला कळते, नावातला ‘रोड’ रेल्वेने शोभेसाठी घातलेला नाही. गावापर्यंत रस्ता आहे आणि तो चालून जायचा आहे, एवढेच तिला सुचवायचे होते.

स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानाबाहेर दोन बाके आहेत. संध्याकाळी साडेसहानंतर त्या बाकांवर आमच्याखेरीज कोणी बसत नाही. चुकून बसलाच, तर त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. पण त्याच्यावर इतिहासाचा असा काही मारा होतो, की बिचारा अर्धा चहा टाकून स्वतःच उठतो. मंडळी ठरलेली. महसूल खात्यातून निवृत्त झालेले सर्कलसाहेब, किराणा दुकानाचे शेठ, एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, शिवणकाम करणारे चाचा, आणि कॉलेजात मराठी शिकवणारा मी. मला सारे ‘सर’ म्हणतात. पण त्या ‘सर’मध्ये आदर किती आणि चेष्टा किती, हे मला अजून मोजता आलेले नाही.

कट्ट्याचा कायदा साधा आहे. रोज एकाने गावाविषयी एक प्रश्न घालायचा. कोणालाच उत्तर आले नाही तर चहाचे पैसे सर्वांनी वाटून द्यायचे. आले तर प्रश्न घालणाऱ्याने. या कायद्यात एक कलम मी वाढवले. “आमचे आजोबा सांगत असत,” हा पुरावा धरायचा नाही. कलम मंजूर झाले तेव्हा मला मोठा विजय मिळाल्यासारखे वाटले होते. पुढे तेच कलम माझ्या अंगावर आले, पण ते नंतर.

सर्कलसाहेबांचा सारा जोर शिंद्यांवर. गावात शिंद्यांचे वाडे आहेत, म्हणून पानिपतापासून ग्वाल्हेरपर्यंतचा इतिहास ते स्वतःच्या सात-बारावर चढवून मोकळे झाले आहेत. “महादजी शिंद्यांना मृत्यू कुठं आला?” असे त्यांनी एकदा विचारले आणि शेठनी “अर्थात ग्वाल्हेरला” म्हणून मांडी ठोकली. साहेब हसले. “पुण्याजवळ, वानवडीला. १२ फेब्रुवारी १७९४.” शेठनी चहाऐवजी साखरेच्या भावाचा विषय काढला.

शेठचे दैवत वेगळे. मालोजीराजे भोसल्यांना वेरुळास द्रव्य सापडले आणि ते त्यांनी आमच्या गावचे सावकार शेषो नाईक पुंडे यांच्याकडे ठेवले, ही बखरीतली कथा. देवीने दिले म्हणतात ते द्रव्य; त्यातून घोडी घेतली, शिलेदार ठेवले आणि भोसल्यांचे घराणे वर आले. शेठ हे अशा थाटात सांगतात, की जणू ती ठेव परवाच त्यांच्या गल्ल्यात मोजून घेतली. “शिवाजी महाराजांच्या आजोबांनी विश्वास कुणावर टाकला? श्रीगोंद्याच्या व्यापाऱ्यावर! पावती नाही, शिक्का नाही!” यावर सर्कलसाहेब म्हणाले, “पावती तुम्ही अजूनही देत नाही, शेठ.” त्या दिवशी चहा फार गोड लागला.

चाचा बोलतात कमी. पण मी कट्ट्यावर नवा होतो तेव्हा पहिला प्रश्न त्यांनीच मला घातला होता. “सर, तुम्ही मराठीचे एम. ए. तर सांगा, ‘योगसंग्राम’ कुणाचा?” शेख महंमदांचा, हे मला येत होते, म्हणून लाज राहिली. मुसलमान घरात जन्मून मराठीत अध्यात्म लिहिणारे हे संत. मालोजीराजे त्यांना गुरू मानीत अशी परंपरा आहे, आणि त्यांची समाधी आमच्याच गावात आहे. चाचा म्हणाले, “उत्तर बरोबर. पण तुम्ही ते पुस्तकात वाचलं. आम्ही समाधीपाशी ऐकलं.” मी विचारले, “म्हणजे आजोबांकडून?” चाचा हसले आणि चहाचे पैसे देऊन टाकले.

राहिले कंडक्टर. त्यांचा विषय एकच, पेडगाव. भीमेच्या काठचे पेडगाव आमच्या तालुक्यात आहे, आणि त्या रस्त्याला कंडक्टरांनी उभी नोकरी घासली. “वेड पांघरून पेडगावला जाणं ही म्हण साऱ्या महाराष्ट्राची, पण तिथलं तिकीट फाडलंय ते मी,” असे ते म्हणतात, आणि हे मात्र कोणाला खोडता येत नाही.

त्यांची कथा अशी. साल १६७४. जूनच्या ६ तारखेला रायगडावर राज्याभिषेक झालेला, खजिन्याला खर्चाची झळ लागलेली. पेडगावला औरंगजेबाचा सरदार बहादुरखान कोकलताश छावणी देऊन बसलेला. जुलैत मराठ्यांच्या दोन हजार स्वारांनी त्याला हूल दिली. खान सारी फौज घेऊन त्यांच्या मागे लागला आणि हे त्याला पन्नासएक मैल लांब घेऊन गेले. इकडे सात हजारांची दुसरी फौज दुसऱ्या वाटेने येऊन रिकाम्या छावणीवर पडली. एक कोट रुपये आणि दोनशे उमदे घोडे घेऊन ती निघून गेली. खान परत आला तेव्हा छावणीत धूळ तेवढी शिल्लक होती.

“दोन हजारांनी वेड पांघरलं अन् सात हजार पेडगावला गेले! अशी पडली म्हण,” असे म्हणून कंडक्टर बाकावर थाप मारतात आणि चहाचे कप नाचतात.

एका संध्याकाळी मला दुर्बुद्धी झाली. मी म्हणालो, “लूट खरी, कंडक्टर. इतिहासकारांनी तिची नोंद केली आहे. पण म्हण तिच्यावरूनच पडली, याला आधार कोणता? ‘पानिपत होणे’ म्हटले की १७६१ साल हजर होते. ‘ध चा मा करणे’ म्हटले की १७७३ चा नारायणरावाचा खून समोर येतो. त्या म्हणींच्या अंगावर जन्माचा दाखला आहे. पेडगावच्या म्हणीत ना खान, ना घोडे, ना लूट. ‘वेड’ला यमक हवे होते, ‘पेड’ सापडले, असेही असू शकेल. यमकासाठी मराठी माणूस पेडगावच काय, काशीलाही जाईल.”

वर्गात हे वाक्य मी टाकले असते तर मुले हसली असती. कट्ट्यावर कोणी हसले नाही. कंडक्टर कप खाली ठेवून म्हणाले, “सर, तुमच्याकडं पुस्तकं हायेत. आमच्याकडं पेडगाव हाय. तेवढं तरी राहू द्या.” आणि ते उठून गेले. पुढचे चार दिवस ते आले नाहीत.

एक सांगितले पाहिजे. त्याच पेडगावच्या किल्ल्याला, म्हणजे बहादुरगडाला, दुसरीही एक आठवण चिकटलेली आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत कैद झालेल्या संभाजी महाराजांना तिथे औरंगजेबापुढे उभे करण्यात आले. किल्ल्याला आता धर्मवीरगड म्हणतात. त्या विषयावर कट्ट्यावर प्रश्न पडत नाही. कोणी तो काढला, तर थोडा वेळ सारे गप्प बसतात आणि मग कोणीतरी लिंबाचा भाव विचारतो.

आता आणखी एका माणसाविषयी सांगायचे आहे. चहाच्या दुकानाला लागून पत्र्याचा एक गटईचा स्टॉल आहे. तिथे एक म्हातारे बाबा बसतात. पुढ्यात रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि खिळ्यांचा जुना डबा. माझ्या चपलांचे अंगठे त्यांनी इतक्या वेळा शिवले आहेत, की त्या चपलांत मूळचे कातडे किती आणि बाबांचा दोरा किती हा वादाचा मुद्दा व्हावा. आमची सारी चर्चा त्यांच्या कानांवर पडते. दुकानातून चहा जातो तेव्हा त्यांच्याकडेही एक कप जातो. ते मात्र कधी बाकावर आले नाहीत. आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्यांना कधी बोलावले नाही. बाकांवर आमच्याखेरीज कोणी बसत नाही, हे वाक्य मी वर मोठ्या ऐटीने लिहिले. ते आता पुन्हा वाचून पाहावे.

यंदाच्या नवरात्रातली गोष्ट. कंडक्टर नुकते परत येऊ लागले होते आणि प्रश्न घालायची पाळी कोणाची यावर घोळ चालला होता. तेवढ्यात शेजारून, आरीवरची नजर न काढता, बाबा म्हणाले, “सर, एक इचारू का? मी अडाणी माणूस, मला ठावं न्हाई. आपल्या गावाचं नाव आदी काय व्हतं?”

सर्कलसाहेब आणि शेठ एकदमच म्हणाले, “श्रीपूर!”

“आसंल,” बाबा म्हणाले. “अन् श्रीपूरच्या मागनं, श्रीगोंद्याच्या आदी?”

बाकावर शांतता पसरली. सर्कलसाहेब चष्मा पुसू लागले. कंडक्टर माझ्याकडे पाहू लागले. बाबांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, “सरांना ठावं आसंल. ते पुस्तकं वाचत्यात.”

मला ठाऊक होते. चांगले ठाऊक होते. बखरीतला तो सावकार चांभारगोंद्याचा. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात आपल्या इंग्रजी कानाने त्याने लिहून घेतलेले गावाचे नाव तेच. पेशव्यांच्या कागदांत ‘परगणे चांभारगोंदे’ पानापानांवर भेटते. आणि १८८४ साली छापलेल्या अहमदनगरच्या गॅझेटिअरात श्रीगोंद्याच्या नोंदीत म्हटले आहे, की या गावाचे दुसरे नाव चांभारगोंदे, आणि ते गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून पडलेले आहे. मालोजी, पुंडे, शिंदे, सारी थोर मंडळी आम्ही या गावाच्या नावावर जमा केली. पण ती ज्या नावाच्या गावाला आली-गेली, ते नाव मी बाकावर एकदाही उच्चारले नव्हते. पुंड्यांची कथा निघाली तेव्हा मीसुद्धा ‘श्रीगोंद्याचे पुंडे’ असेच म्हणालो होतो. कॉलेजच्या मासिकात गावाविषयी लेख लिहिला, त्यातही श्रीपूरवरून उडी मारली ती थेट श्रीगोंद्यावर. विचारले असते तर मी म्हणालो असतो, की जातीचा उल्लेख टाळणे हा सभ्यपणा. टाळताना आपण कोणाला टाळतो, हा हिशेब मी केला नव्हता.

मी ते नाव उच्चारले. आवाज जरा बसकाच निघाला.

शेठ चुळबुळले. “कशाला आता जुन्या जातीपाती काढायच्या, सर? वस्त्यांची जातीची नावं बदलायचं सरकारनंच २०२० साली ठरवलं. चांगलंच केलं.”

“लई चांगलं केलं,” बाबा म्हणाले. “वस्तीला आमचं नाव दुसऱ्यानं दिलं व्हतं, शेठ, लांब ठेवायला. पर गावाला आमच्यातल्या एकाचं नाव दिलं, ते काय लांब ठेवायला दिलं आसंल? गाव काय सोताला सोतापासनं लांब ठेवतंय व्हय?”

शेठना उत्तर सुचले नाही. मलाही नाही.

सर्कलसाहेब मात्र जुने महसुली. ते म्हणाले, “नाव कागदात आहे, मान्य. पण हा गोविंद चांभार होऊन गेला याला पुरावा? सर, नियम तुमचाच आहे.”

“माजा पुरावा आजाच हाय,” बाबा म्हणाले, “अन् तो चालत न्हाई, मला ठावं हाय. कानावर पडलंय.”

तेव्हा मला बोलणे भाग होते. पेडगावला जी चाळणी लावली तीच इथे लावायची, नाहीतर कंडक्टरांशी बेइमानी. मी म्हणालो, “प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेवू. गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या चांभारगोंदे होते, हे पक्के. त्याला कागद आहेत. गोविंदाची कथा ही परंपरा आहे. गोंदे नावाची गावे नाशिककडेही आहेत, तेव्हा प्रत्येक गोंद्यामागे गोविंदच असेल असे नाही. पण गोविंदाचा गोंदा आणि गोंद्या तर आपण रोज करतो, त्यात ओढाताण काही नाही. शिवाय असे पाहा. नुसत्या यमकासाठी कोणी गावाच्या नावात ‘चांभार’ घालणार नाही. ज्या काळात विहिरीवर सावली चालत नव्हती, त्या काळात साऱ्या गावाने हा शब्द आपल्या नावाच्या पुढे लावून घेतला, वाण्या-ब्राह्मणांनी पत्रांत लिहिला, सरदारांनी सनदांत वाचला. त्याला काहीतरी भारी कारण असले पाहिजे. ते कारण गोविंद नसेल, तर त्याच्यासारखाच कोणीतरी असेल.”

“मग ते काढलं कुणी?” चाचांनी विचारले. एवढा वेळ ते गप्प होते.

“हुकूम काढून कोणी काढले असे नव्हे,” मी म्हणालो. “१८८४ च्या गॅझेटिअरात मथळ्यावर श्रीगोंदेच आहे. आपल्यासारखीच माणसे असतील. एकाने पत्रावर लिहिले, दुसऱ्याने पाटीवर. कोणाला वाईट म्हणून काही करावे लागले नाही. नुसते गप्प बसले की पुरले.”

हे बोलताना मी माझ्याविषयीच बोलत होतो, ते सर्वांना कळले असावे. कोणी तोंडावर म्हणाले नाही. दुकानातला पोऱ्या कप उचलायला आला आणि आमचे चेहरे पाहून परत गेला.

बाबांनी माझी चपल उलटी करून ठोकली, अंगठा ओढून पाहिला आणि माझ्यापुढे सरकवली. मग ते अगदी सहज म्हणाले, “म्या एक हिशेब केला, सर. चुकला तर सांगा. चांभारगोंदा. त्यातनं चांभार काढला. ऱ्हायला गोंदा. म्हंजी जात गेली अन् माणूस ऱ्हायला. त्याच्या म्होरं लावलं श्री. आता कलेक्टर आला तरी त्याला श्रीगोंदाच म्हनावं लागतंय. मग वंगाळ काय झालं?”

गेली पुष्कळ वर्षे मी मुलांना शब्दांचा विग्रह शिकवतो आहे. श्रीगोंदा या शब्दाचा असा विग्रह मला सुचला नव्हता. लपवायला निघालेल्यांनीच त्या माणसाच्या नावामागे आदरार्थी ‘श्री’ लावून ठेवले, आणि तालुक्याचा प्रत्येक दाखला, एस. टी.ची प्रत्येक पाटी, रेल्वेचे प्रत्येक तिकीट त्याला रोज तसेच पुकारते आहे. बाबांनी हे गमतीने म्हटले की मनापासून, की शेठला वाईट वाटू नये म्हणून? त्यांच्या तोंडाकडे पाहून काही कळले नाही. ते दुसरी चपल हातात घेऊन बसले होते.

कंडक्टर सरकून बसले आणि बाकावर हात आपटून म्हणाले, “बाबा, इकडं या. जागा हाय.”

“न्हाई वो,” बाबा म्हणाले. “तिथनं चपला दिसत न्हाईत.”

तेव्हा दोन्ही बाके उचलून आम्हीच स्टॉलच्या बाजूला नेली. दुकानदाराने थोडी कुरकुर केली. आता ती तिथेच असतात.

चहाचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न राहिलाच होता. उत्तर आले होते, तेव्हा कायद्याने ते प्रश्न घालणाऱ्याकडे, म्हणजे बाबांकडे येत होते. सर्कलसाहेबांनी निकाल दिला, “उत्तर येत नसल्याबद्दल काय करायचं ते कायद्यात आहे. येत असून न सांगितल्याबद्दल कलम नाही. ते आजपासून घालू. दंड, सर्वांचा चहा.” दंड मी भरला. आजोबांच्या पुराव्याचे कलमही त्याच संध्याकाळी दुरुस्त झाले. आजोबांचे म्हणणे आता ऐकून घ्यायचे, ‘परंपरा’ म्हणून लिहून ठेवायचे आणि कागद शोधायला लागायचे. कंडक्टरांचे पेडगाव याच सदरात जमा झाले आहे. यमकाची शंका मी सोडलेली नाही, पण ती आता हळू आवाजात सांगतो.

निघताना कंडक्टर माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले. स्टॉलकडे वळून पाहत म्हणाले, “मी अडाणी, मला ठाऊक नाही म्हणत म्हातारबाबांनी गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलं. आता सांगा सर, माणूस वेड पांघरून पेडगावला जातो का नाही?”

मी उत्तर दिले नाही. नव्या कलमाप्रमाणे, दुसऱ्या दिवशीचा चहाही माझ्याच नावावर पडला.